विषय : पार्किंगमधील लाकडी रॅम्प (पत्र चौथे)

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
आपली सोसायटी, कर्नाळ रोड, सांगली

स.न.वि.वि.

या विषयावरची माझी आधीची तीन पत्रे दप्तरी असतीलच. पहिल्याची पोच मिळाली. दुसऱ्याला सचिवांनी ग्रुपवर अंगठा दिला. तिसऱ्याचे काय झाले ते वॉचमनला विचारले, तर तो नुसता हसला. म्हणून हे चौथे. शेवटचे असे लिहीत नाही, कारण तसे मागच्या वेळी लिहून झाले आहे.

ब-२०३ चे सभासद दर रविवारी सकाळी साडेसहाला आपली गाडी दोन लाकडी रॅम्पवर चढवतात आणि खाली आडवे होतात. आधीच स्पष्ट करतो, माझा विरोध रॅम्पला नाही. एसटीच्या कार्यशाळेत मी एकतीस वर्षे काढली. आमच्याकडे पिट होता, म्हणजे गाडीखाली उभे राहून काम करायचा खड्डा. ज्याच्याकडे पिट नाही त्याने लाकडाचा चढ करून ऑइल बदलले तर त्यात गैर काही नाही. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरण्यापेक्षा ते केव्हाही बरे. माझा विरोध या रॅम्पला आहे.

दीड इंची फळ्यांचे चार थर आहेत. प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा वीतभर आखूड, म्हणजे पायऱ्या होतात आणि चाक एकेक चढते. कल्पना बरोबर आहे, मान्य. लहान गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर मिळून पाचशे-साडेपाचशे किलो येतात, तेवढ्याने सपाट रचलेल्या फळ्या मोडत नाहीत. "काकांना वाटतं रॅम्प मोडेल" असे ग्रुपवर लिहिले गेले, ते मी कधीही म्हटलेले नाही. लाकूड मोडत नाही. ते सरकते आणि फाटते. यांनी थर नुसत्या खिळ्यांनी ठोकलेत, तेही सगळे एका रेषेत, आणि नेमक्या त्याच रेषेत डाव्या रॅम्पची वरची फळी चिरली आहे. फटीत लाइटबिल आत जाते. मी घालून पाहिले. वर चाक अडायला आडवी पट्टी नाही. तळाला रबर नाही, आणि आपली फरशी गुळगुळीत शहाबादी, त्यावर मागच्या रविवारच्या ऑइलचा हात. गेल्या महिन्यात चाक पहिल्या पायरीला टेकताच उजवा रॅम्प हातभर पुढे सरकला आणि माझ्या स्कूटरला लागला. ओरखडा लहान आहे. पण आहे. मागच्या चाकाला अडण म्हणून अर्धी वीट लावतात. विटेचा भुगा होतो, हे सांगायला कार्यशाळा लागत नाही.

आता मागच्या रविवारचे. मी दूध आणायला खाली उतरलो. गाडीखालून दोन पाय बाहेर, एकात चप्पल, दुसरी चप्पल ऑइलच्या ट्रेमध्ये. किल्ली गाडीलाच. आणि स्टिअरिंगवर त्यांचा सात वर्षांचा मुलगा, तोंडाने गिअर टाकत बसलेला. आमच्याकडे गाडीखाली जाणाऱ्याने किल्ली आपल्या खिशात घालायची, हा पहिल्या दिवसाचा धडा होता. मी ओरडलो. मुलगा उतरला, रडला. दुपारी ग्रुपवर निरोप आला की ज्येष्ठांनी लहान मुलांशी सौम्य शब्दांत बोलावे. त्याला अकरा अंगठे पडले. त्यातला एक आपला होता.

फळ्यांबद्दल. त्या सोसायटीच्या आहेत. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, आपली पंपाची मोटर आठवडाभर पाण्याखाली राहिली. त्यानंतर मोटर उचलून ठेवायला फळ्या आणायच्या ठरल्या आणि टिंबर एरियातून मी स्वतः वाजवून, निवडून आणल्या. रिक्षाभाडे अजून मिळालेले नाही, तो विषय मी काढत नाही. २०२१ च्या पुरात त्या भिजल्या. पूर प्यायलेले लाकूड वरून कोरडे दिसते, पण खिळा आत धरत नाही. ते आज ब-२०३ च्या गाडीखाली आहे. पंपरूमची चावी त्यांना कोणी दिली?

सभासदाने इतरांना उपद्रव देऊ नये असे उपविधी सांगतात, आणि पार्किंग वाहन उभे करण्यासाठी असते. इतर रहिवाशांचेही हेच मत आहे. अ-१०१ जिन्यात तसे म्हणाले. अ-३०४ काही म्हणाले नाहीत, पण मान हलवली. सही मात्र कोणी करत नाही, कारण ब-२०३ सगळ्यांच्या गाड्यांचे ऑइल फुकट बदलून देतात.

मी त्यांना दोनदा समजावायला गेलो. "काका, व्हिडिओ बघून केलंय, टेन्शन घेऊ नका. वर जा, चहा घ्या," हे उत्तर मिळाले. पंच्याहत्तर-ऐंशी बसगाड्या रोज माझ्या हाताखालून रस्त्यावर जायच्या. असो.

मागणी मोठी नाही. फळ्या पंपरूममध्ये परत याव्यात, पावसाळा तोंडावर आहे. नवे रॅम्प मी करून देतो. रुंदी दहा इंच, थरांना स्क्रू आणि तेही नागमोडी, वर अडणपट्टी, तळाला जुन्या टायरचे रबर, मागच्या चाकांना लाकडी पाचरी. लाकडाचे पैसे त्यांनी द्यावेत, मजुरी नको. फक्त माप घ्यायला त्यांनी स्वतः माझ्याकडे यावे. निरोप पाठवू नये.

कळावे,
अ-२०१

ता.क. जिन्यातल्या माझ्या कूलरबद्दलची आपली नोटीस मिळाली. तो विषय वेगळा आहे.