बुधवार पेठेतल्या स्पीकरवाल्या काकांना जाहीर पत्र

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही धड बोलत नाही आणि दुकानात येऊन आभार मानायला लागलं की 'तो पलीकडचा पाना द्या जरा' म्हणत विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. चार लोकांनी वाचलं तर बरंच. तुटपुंज्या पैशांत चांगला आवाज शोधणारे माझ्यासारखे पुण्यात पुष्कळ आहेत.

पहिले आभार, तुम्ही जे विकलं नाहीत त्याबद्दल. ४०,००० रुपयांचा हिशेब घेऊन मी आलो, तेव्हा दुकानात कमरेइतके उंच, तीन-तीन वूफरचे (वूफर म्हणजे खालचे, जाड स्वर काढणारा मोठा भोंगा) स्पीकर उभे होते आणि ते माझ्या आवाक्यातही होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "खोली केवढी?" दहा बाय बारा म्हटल्यावर त्यांच्यावर परत कापड टाकलंत. बारा फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर खोलीच फुगवते, त्यात एवढे वूफर नेले तर तबल्याचा बायाँ ऐकूच येणार नाही, नुसता घुमारा ऐकाल, असं म्हणालात. हातचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस विरळाच.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, ज्यानं माझा सगळा शोध सरळ झाला: "काय सोडायला तयार आहात?" लहान खोका, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिघांतले कुठलेही दोनच मिळतात. स्पीकर बनवणाऱ्या केएलएच कंपनीच्या नावातला 'एच' ज्यांचा, त्या हॉफमनांचा हा नियम, आणि पैसे ओतूनही तो मोडत नाही. मी ऐकतो ते मुख्यतः गाणं, पेटी, तानपुरा. मी खोल बास सोडला. त्यावर तुम्ही बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची गोष्ट सांगितलीत. १९७०च्या दशकात तिथल्या इंजिनिअरांना बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा स्पीकर हवा होता. खोका जेमतेम ३० सेंटिमीटर उंच. त्यांनी खालचा बास जाऊ दिला आणि माणसाचा आवाज खरा ठेवण्यावर जीव लावला. आज त्या जुन्या जोडीचे भाव ऐकून घाम फुटतो, पण त्यामागची अक्कल तुम्ही मला फुकट दिलीत.

माझ्या हाती लागलेली जुन्या इंग्रजी स्पीकरांची जोडी आठवते ना? जाळी काढली तर वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच काळ्या चिकट भुग्यासारखा गळायला लागला. आपल्या दमट हवेत तो टिकत नाहीच. विकणाऱ्यानं 'स्पीकर गेलेत' म्हणून जवळपास भंगाराच्या भावात दिले होते. तुम्ही दोन्ही अंगठ्यांनी कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, अगदी सारखा दाबलात, कान जवळ नेलात, सोडलात, पुन्हा दाबलात. आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, घासल्याचा आवाज नाही. "कॉइल ठणठणीत आहे, पैसे वाचले तुमचे." पुढचं काम मी स्टुलावर बसून बघितलं. जुना गोंद थिनरच्या बोळ्यानं पुसणं, नवी कड आधी कोनाला चिकटवणं, आणि फ्रेमला चिकटवताना ३० हर्ट्झचा बारीक स्वर चालू ठेवणं, म्हणजे कोन हलता राहतो आणि कॉइल मध्यावर आहे की नाही ते कळतं. वरचे आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले, म्हणजे क्रॉसओव्हरमधले, सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून तुम्ही फिल्मचे घातलेत. शेवटी दीड व्होल्टचा सेल लावून दोन्ही कोन पुढेच येतात ना, ते पाहिलंत. एक उलटा जोडला तर दोघांचा बास एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायक कुठे उभा आहे तेच कळत नाही. हे साधं निदान भल्याभल्या शोरूममध्ये कुणाला सुचत नाही.

महागड्या वायरींबद्दल मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात आणि अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर मोजून दिलीत. उरलेले पैसे लोखंडी स्टँडात घालायला लावलेत, त्यात वाळू भरायला लावलीत. ट्वीटर (वरचे, बारीक स्वर काढणारा छोटा भोंगा) कानाच्या उंचीला, खोका भिंतीपासून दोन फूट पुढे. त्या दोन फुटांवरून आमच्या घरी बरीच बोलणी झाली, कारण दिवाण सरकवावा लागला. पण शेजारच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावल्यावर भिंतीवरून उलटून येणारा टाळ्यांसारखा कर्कश आवाज मेला, आणि ती बोलणीही थांबली.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी अजून भांडतो. मोबाइलवरच्या मोजमापाच्या अ‍ॅपला तुम्ही खेळणं म्हणता. मला त्या खेळण्यानंच दाखवलं की स्टँड वीतभर सरकवल्यावर बासचा उंचवटा किती खाली येतो. तुमचे कान माझ्याकडे नाहीत, काका.

आता ऐकताना तानपुऱ्याची जवारी एकेका तारेची वेगळी येते. गायकानं सम गाठण्याआधी घेतलेला श्वास येतो. बायाँचा घिस्सा येतो, पखवाजाचा खालचा दणका मात्र अर्धाच, आणि ते कबूल करूनच मी ही जोडी घेतली होती. चाळीस हजारांतले बरेचसे अजून माझ्याच खिशात आहेत.

मजुरी तुम्ही इतकी कमी लावलीत की बिल बघून बायकोला वाटलं एकाच स्पीकरचं असेल. वरचे पैसे दिले तर घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात मेहुण्याचे वूफर घेऊन येतोय, त्यांचाही फोम गेलाय. त्याचे मात्र पूर्ण पैसे घ्यायचे, तो आयटीत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्टुलावर बसून डोकं खाणारा गिऱ्हाईक