पेपरातल्या चार ओळी आणि आपले भाऊकाका

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई तू मधेच रडायला लागतेस, म्हणून हे लांबलचक टाईप करतेय, चष्मा लावून सावकाश वाचा. काल मडगावला भाऊकाकांच्या बाराव्याला जाऊन आले. तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं, काकूसुद्धा तेच म्हणाली, बाबांचा गुडघा असा आणि त्यांचा तो जिना तसा.

पेपरात आलेलं वाचलंत ना? ज्येष्ठ अभियंता, बांधकाम कंपनीचे माजी संचालक, पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार. चुकीचं काहीच नाही त्यात, पण नाव झाकलं तर कुणाचंही असू शकतं हो ते. मला जरा रागच आला.

बाराव्याला रायचूरहून एक म्हातारे मुकादम आले होते, रात्रभर बसने. काकांशी ते मोडक्या हिंदीत बोलायचे आणि काका त्यांच्याशी मोडक्या कन्नडात. त्यांनी सांगितलं, एका साईटवर कॉलमचं शटरिंग, म्हणजे ओतकामाचा साचा, काढलं तर सळई जवळजवळ बाहेरच दिसत होती, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी पडलेलं. ठेकेदार म्हणाला, साहेब प्लास्टर मारलं की कोण बघतंय. काकांनी अख्खा कॉलम फोडायला लावला. वरच्यांची बोलणी खाल्ली, रनिंग बिल अडकलं, पण मजुरांच्या मस्टरला, म्हणजे हजेरीपटाला, हात लावू दिला नाही, कारण तो थर राखायला सळईला लावतात ते ठोकळे, कव्हर ब्लॉकच, वेळेवर आले नव्हते, त्यात त्यांचा काय दोष. मुकादम हे सांगताना उभे राहून सांगत होते, बसा म्हटलं तरी बसेनात.

बाबा, तुम्हाला आठवत असेलच, १९८६ च्या ५ जुलैला मांडवीचा पूल पडला, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा पूल तो. पुढे १९९२ ला नवीन पूल होईपर्यंत पणजी-बेती फेरीबोटीत किती उभं राहिलोय आपण. काका तेव्हा साधे साईट इंजिनिअर, पण काकू म्हणते कव्हरचं वेड त्यांच्या डोक्यात तिथून शिरलं. आपल्याकडची हवा खारी, ती काँक्रीटमधून आत शिरली की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो, बाहेरून मात्र बरीच वर्षं सगळं छान दिसतं, हे ते जेवताना सुद्धा सांगायचे, हुमण ताटात निवत असायचं आणि आम्ही पोरं गपचूप ऐकायचो.

आणि घरी तरी काय वेगळं होतं. चवथीला गणपतीच्या वर माटोळीची लाकडी चौकट बांधली की सगळे हुक स्वतः ओढून बघणार, एवढे नारळ, सुपारीचे घड, फळं लटकणार, कुणाच्या डोक्यावर यायला नको. माझ्या लग्नात तर मांडवाचा एकेक खांब हलवून बघत फिरत होते, नवऱ्याकडची माणसं विचारत होती हे कोण, आणि डेकोरेटरकडून चार खांब परत बांधून घेतले तेव्हाच अक्षता घ्यायला आले. स्लॅब पडल्यावर सात दिवस तरी पाणी मारायचंच, ताकद मोजायची ती काँक्रीटच्या अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबवर, म्हणजे चाचणीच्या ठोकळ्यावर, हे आपल्या वरच्या खोलीच्या वेळी आई तुला रोज फोन करून विचारायचे, तू शेवटी वैतागून म्हणालीस भावोजी, तुम्हीच या पाईप धरायला, आणि रविवारी खरंच आले की!

१९९३ चं मात्र बाबा तुम्हीच सांगायला हवं. कोकण रेल्वेच्या मार्गावरून गोवा पेटलेला, तुम्ही खाजनं, खाडीकाठची बांध घातलेली शेतं, वाचवायला मोर्चात, रेल्वेसाठी भराव घातला तर मानशीचं, बांधातल्या त्या दारांचं, पाणी फिरणार कसं म्हणून, आणि काका पेडण्याच्या बाजूला कंत्राटदाराच्या ऑफिसात. त्या वर्षी चवथीला तुम्ही दोघं एका पंगतीत बसून एकमेकांशी बोलत नव्हता, आमटी वाढ हे सुद्धा आईमार्फत. काकू काल म्हणाली, भरावाबद्दल दादाचं बरोबर आहे, पूल जास्त घ्यायला पाहिजेत, असं काका तिला घरी म्हणायचे. बाहेर कधी बोलले नाहीत. नोकरी होती, दोन लहान पोरं होती, मी समजू शकते, पण तुम्हाला तरी सांगायला हवं होतं असं मला वाटतं.

पेडण्याच्या बोगद्याने त्यांना फार छळलं. माती ओली आणि मऊ, खणलं की वरून परत खाली, माणसंसुद्धा गेली त्यात. १९९८ च्या २६ जानेवारीला गाडी एकदाची पूर्ण मार्गावर धावली ती हा तुकडा झाल्यावरच. त्या दिवसांत रात्री उशिरा, एसटीडीचे दर उतरले की काका बूथवरून फोन करायचे, आणि विचारायचे काय, तर धाकट्याचं गणित झालं का. बोगद्याबद्दल अवाक्षर नाही. लोक काल सारखे कुटुंबवत्सल कुटुंबवत्सल म्हणत होते, काकू माझ्या कानात पुटपुटली, होते तर, महिन्यातून चार दिवस. पण हसत म्हणाली.

पुढे संचालक झाले, केबिन मिळाली, एसी मिळाला, तिथे फारसे रमले नाहीत वाटतं, त्या वर्षांबद्दल कुणाकडेच काही गोष्ट नाही. २०२२ च्या डिसेंबरात जुवारीचा नवा पूल सुरू झाला तेव्हा थोरल्याला गाडी काढायला लावली, खिडकी खाली केली आणि एक्सपान्शन जॉइंटवरून, पुलाच्या तुकड्यांमधल्या त्या फटींवरून, टायर जाताना कसा आवाज येतो ते ऐकत बसले, मग म्हणाले, ठीक आहे, चल घरी.

पोरांना आता काकांविषयी नीट काहीतरी लिहून ठेवायचंय, नातवंडांसाठी. बाबा, तुमच्या लहानपणाचं आणि त्या ९३ च्या भांडणाचं तुम्ही बोला, मी शनिवारी येते तेव्हा मोबाईलवर रेकॉर्ड करते. काकूला फोन चारनंतर करा, त्या वेळी घरात ती एकटीच असते. आई, तिची सोलं संपलीत, आपल्यातली थोडी काढून ठेव, मी पोचवते.

तुमची,
बाय