डाळिंबाला साडी बांधतो, मग बायकांना सावली का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या सांगोल्याकडं एप्रिल लागला की डाळिंबाच्या ओळींवर जुन्या साड्या चढतात, नवख्या माणसाला वाटतं कुणी कपडे वाळत घातलेत. आंबे बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलं धरलेलं फळ तेव्हा फुगत असतं आणि दुपारनंतरचं ऊन ज्या बाजूला लागतं तिथं फळावर चट्टा पडतो, आधी पिवळसर, मग काळा, आतले दाणेपण पांढरे पडतात. असलं फळ व्यापारी सरळ बाजूला काढतो.

पण उन्हाला नावं ठेवून आमचं चालणार नाही. पानांना ऊन नसेल तर दाण्यात गोडी कुठून येणार? ढगाळ हवा आणि पाऊस लागून राहिला की तेल्या, म्हणजे फळावर तेलकट डाग पाडणारा रोग शिरतो, त्या दिवसांत चार दिवस कडक ऊन पडावं म्हणून आम्ही आभाळाकडं बघत बसतो. मे महिन्यात रोपांची माती भिजवून पारदर्शक प्लास्टिकखाली 4 ते 6 आठवडे झाकली की सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) आणि बुरशी बऱ्यापैकी मरते, औषध लागत नाही.

आता मूळ मुद्दा. या साड्या बांधायला बायका येतात त्या भर दुपारी. गेल्या वर्षी आमच्याच बागेत एक मावशी पडल्या, अंग तव्यासारखं तापलेलं, घाम बंद, काहीतरी भलतंच बोलायला लागल्या. कुणीतरी तोंडात पाणी ओतायला गेलं, नशीब थांबवलं, कारण शुद्ध नसेल तर पाणी श्वासनलिकेत जातं. लिंबाखाली नेऊन ओल्या कापडानं अंग पुसत वारा घातला आणि तसंच दवाखान्यात नेलं, वाचल्या. डॉक्टर म्हणाले अंगातला ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर गेला की मेंदूवर परिणाम होतो, आधी अंग थंड करायचं. मला तेव्हा फार लाज वाटली, फळाचा विचार केला होता, माणसाचा नाही.

यंदा आम्ही सकाळी 6 ते 11 आणि 4 नंतर दोन तास अशी वेळ लावली, रोज पूर्ण दिला, काम कुठं अडलं नाही. दुपारी 12 ते 3 उन्हात काम टाळा असं सरकार दर उन्हाळ्यात सांगतं, पण ते बांधावर पोचत नाही. तुमच्या शेतीच्या पानावर एप्रिल-मे मध्ये बाजारभावाच्या शेजारी ही वेळ आणि उष्माघाताची लक्षणं रोज छापा, आमच्याकडं ते पान सगळे वाचतात.

एक डाळिंब उत्पादक, ता. सांगोला, जि. सोलापूर