तुटीला दारूचा टेकू

मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवण्याच्या राज्य मंत्रिमंडळाच्या १० जून २०२५ च्या निर्णयाची बातमी वाचली. यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील, असा सरकारचा अंदाज आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली आहे, तेव्हा वाढीचे कारण उघड आहे. दारू महागली म्हणून कोणी अश्रू ढाळणार नाही. माझाही आक्षेप दराला नाही. पण त्याच निर्णयात ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्यापासूनच्या मद्याचा नवा प्रकार आणला आहे. १८० मिलिलिटरची किमान किंमत १४८ रुपये, तर भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची (देशातच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) २०५. म्हणजे महाग दारू न परवडणाऱ्या गिऱ्हाइकाची सोय सरकारनेच केली! निवडणुकीआधी जाहीर केलेल्या योजनांचा खर्च कोठून भागणार, हे अर्थमंत्र्यांनी आधी विधिमंडळात सांगावे.

– एक करदाता, सातारा