काविळीच्या, लिव्हरच्या पेशंटला घरी उपाशी ठेवू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी नागपुरात मेडिकल चौकाच्या भागात पेशंटचे अन् त्यांच्या नातेवाईकांचे डबे करते. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, पलीकडून बालाघाट-छिंदवाड्याहूनही लोक येतात, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती असतात, त्यांचा डबा माझ्याकडून जातो. त्यातला लिव्हरचा पेशंट असला की डबा सांगणारा माणूस काय सांगतो ते पाठ झालं आहे मला. "ताई, बिना तेलाचं, बिना हळदीचं, बिना मिठाचं, दाळ नको, दूध नको, अंडं तर नकोच नको, नुसती पातळ खिचडी अन् उसाचा रस." सांगणारा पोरगा असतो, बायको असते, सून असते, सगळे जीव लावून करतात, कोणाच्या मनात वाईट नसतं, अन् त्याच मायेपोटी तो माणूस महिन्याभरात हाडाचा सापळा होऊन जातो. हे पाहून राहिली म्हणून लिहिते आहे, आपल्या पेपरात जागा द्याल ही विनंती.

पहिलं हळदीचं. कावीळ झाली की डोळे, लघवी पिवळी होते ती बिलिरुबिन नावाच्या रंगामुळे, आपलं रक्त जुनं झालं की त्याच्यातून ते तयार होतं अन् लिव्हरने ते बाहेर टाकायचं असतं, लिव्हर सुजलं की ते साचतं. भाजीतल्या चिमूटभर हळदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण पिवळं पाहिलं की पिवळं बंद, असं आपल्याकडे चालत आलं आहे, मग हळद बंद, पिवळी दाळ बंद, अंड्याचा पिवळा बलक बंद, केळी बंद, राहिलं काय मग? हां, ते हळदीचा अर्क भरलेल्या कॅप्सूल मिळतात ना आजकाल, त्या मात्र घेऊ नका, जास्त डोसच्या त्या कॅप्सूलने लिव्हरला इजा झालेले पेशंट डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. गुळवेलाचंही तसंच, करोनात घरोघरी काढा उकळत होता अन् २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरवर सूज आलेल्या पेशंटची माहिती छापली होती. लिव्हर आधीच आजारी असताना कोणतंही चूर्ण, काढा, पुडी डॉक्टरला न दाखवता देणं म्हणजे धोकाच आहे, मग देणारा कितीही जवळचा असो.

दुसरं उसाचा रस. रसाने लिव्हर साफ होत नाही, त्यात साखर असते, तोंडाला चव येते, थोडी ताकद वाटते, तेवढंच. पण साधी कावीळ, म्हणजे हेपेटायटिस ए किंवा ई, पसरते कशाने तर घाण पाण्याने, अन् रसवंतीवरचा बर्फ कोणत्या पाण्याचा, ग्लास कोणत्या बादलीत बुडवून काढला, हे कोण पाहतं? म्हणजे ज्याने आजार येतो तेच औषध म्हणून पाजून राहिलो आपण. द्यायचाच तर घरी धुतलेल्या उसाचा, बिना बर्फाचा, अन् शुगरवाल्याला तोही नको. पाणी उकळून प्या, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हमखास उकळा, नळाची पाइपलाइन नालीतून गेली असेल तर लगेच महानगरपालिकेत तक्रार टाका.

अन् गळ्यात माळ घालणारे, हात धुऊन "कावीळ उतरवणारे", नाकात थेंब टाकणारे तर गावोगावी आहेत. ती माळ आपोआप लांब होते कारण ताज्या काड्यांना दोऱ्याच्या सैल गाठी मारलेल्या असतात, काडी वाळून बारीक झाली की दोरा सुटतो अन् माळ खाली उतरते, म्हणून लोकांना वाटते कावीळ उतरली. हाताला आंब्याच्या सालीचं पाणी लावून चुन्याच्या पाण्यात धुतलं की पाणी पिवळं होणारच, कोणाचेही हात धुवा, आजारी नसलेल्याचेही. ए अन् ई ची कावीळ बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, म्हणून नाव माळवाल्याचं होतं. पण ज्याला हेपेटायटिस बी किंवा सी आहे, किंवा पित्ताच्या नळीत खडा अडकला आहे, त्याचे दिवस या माळेत वाया जातात. आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा, मग काय ते.

आता मुख्य गोष्ट, खाण्याची. साध्या काविळीत भूक लागत नाही, मळमळ होते, तेव्हा थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी द्या, सकाळी मळमळ कमी असते तेव्हा जरा जास्त द्या, अन् भूक आली की नेहमीचं घरचं जेवण सुरू करा, वरण-भात, भाकर, पोळी, भाजी, दही, सगळं. थोडं तेल चालतं, चमचाभर तूपही चालतं. तळलेलं, तर्रीवालं पचत नाही म्हणून काही दिवस सोडा एवढंच. बिना तेलाचं, बिना फोडणीचं दिलं की पेशंट दोन घास खाऊन ताट सरकवतो, अन् मग आपणच म्हणतो याला भूक नाही.

पण सिरोसिसवाल्याची, म्हणजे ज्याचं लिव्हर आकसून कडक झालं आहे त्याची, गोष्ट वेगळी अन् जास्त गंभीर आहे, तिथे उपाशी ठेवणं जिवावर बेतू शकते. लिव्हर म्हणजे घरातली धान्याची कोठी समजा, आपण जेवलो की त्यात साखर साठवून ठेवते अन् रात्रभर थोडी थोडी काढून देते. सिरोसिसमध्ये कोठीच लहान होऊन जाते, रात्री आठला जेवलेला माणूस सकाळी नऊला चहा-टोस्ट घेतो तोवर कोठी कधीच रिकामी झाली असते, मग शरीर स्वतःचं मांस तोडून काम चालवते. चांगल्या माणसाने दोन-तीन दिवस उपास केल्यावर जे होते ते यांच्या शरीरात एका रात्रीत होते. म्हणून पोट फुगलेलं अन् दंड-मांड्या काडीसारख्या, असे पेशंट दिसतात. मांस कमी झालं की अजून एक नुकसान, अमोनिया नावाचं विष जे लिव्हरने साफ करायचं ते लिव्हर करू शकत नाही तेव्हा स्नायू थोडंफार करतात, तेही कमी झाले की ते विष डोक्यात चढते.

मोठमोठ्या डॉक्टर मंडळींच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सिरोसिसच्या पेशंटला किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. (पोटात पाणी भरलं असेल तर ते पाण्याचं वजन धरायचं नाही.) अन् आपण देतो ती पातळ खिचडी अन् बिस्किटं, माझ्या हिशोबाने दिवसभराचं वीस-पंचवीस ग्रॅमच्या वर जात नाही. आता आपल्या स्वयंपाकघरात मोजून पहा, घट्ट वरणाची एक वाटी सहा-सात ग्रॅम, मोठा ग्लास दूध आठ, एक अंडं सहा, शंभर ग्रॅम पनीर अठरा, एक पोळी तीनच्या आसपास, मूठभर फुटाण्यात पाच-सहा. सोयाबीनच्या वड्या, ज्या आपल्या विदर्भात प्रत्येक किराणा दुकानात मिळतात, त्या शंभर ग्रॅम कोरड्या घेतल्या तर त्यात पन्नास ग्रॅमच्या वर प्रोटीन, एवढं स्वस्त दुसरं काही नाही. दोन वाट्या वरण, चार पोळ्या, दोन अंडी, दोन ग्लास दूध, एक वाटी दही अन् थोड्या सोयाबीनच्या वड्या, झालं काम, यात महाग काय आहे सांगा? अंडं चालत नसेल त्या घरात पनीर घ्या, मूग-मोटाची उसळ घ्या. किडनीचा त्रास सोबत असेल तर मात्र आकडा डॉक्टर ठरवतील.

अन् रात्री झोपताना काहीतरी खाल्लंच पाहिजे. सातूचं पीठ दुधात कालवून, नाहीतर दही-पोहे, नाहीतर एक पोळी अन् दूध, काहीही, पण पिठाचं अन् पोटभरीचं. सकाळी उठल्या उठल्या परत थोडं. हे एवढं केलं तर स्नायू टिकायला मदत होते हे पाहिलेलं आहे डॉक्टरांनी. म्हणून श्रावणातले सोमवार असो, एकादशी असो, नवरात्र असो, लिव्हरच्या पेशंटने उपास धरू नये, आजीने नातवाला, सासूने सुनेला तेवढं समजावून सांगावं, देव काही रागावणार नाही.

ते अमोनियाचं विष डोक्यात चढलं की पेशंट दिवसा झोपतो, रात्री जागतो, बडबडतो, तेव्हा नातेवाईक सगळ्यात आधी दाळ-दूध बंद करतात. आधी डॉक्टरही तसं सांगायचे, हे खरं आहे, पण आता तसं सांगत नाहीत, प्रोटीन बंद करायचं नाही असंच सांगतात, फार तर मटणाऐवजी दाळी अन् दूध-दही जास्त ठेवा म्हणतात कारण ते जास्त सोसते. अन् ते गोड सिरप देतात ना, लॅक्ट्युलोज, त्याने दिवसातून दोन-तीन वेळा पातळसर साफ व्हावं हाच त्याचा उद्देश आहे, लोकं "जुलाब लागले" म्हणून बाटली बाजूला ठेवून देतात अन् चार दिवसांनी पेशंटला बेशुद्ध घेऊन पळतात. सिरप बंद करायचं असेल तर आधी डॉक्टरांना फोन करून विचारा. रक्ताची उलटी झाली, संडास डांबरासारखी काळी झाली, पेशंट नीट बोलत नाही, तर घरी एक मिनिट थांबू नका.

मिठाचं जरा समजून घ्या. पोटात पाणी, पायावर सूज असेल तरच मीठ कमी, दिवसाला चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत. पण हे मीठ भाजीत कमी करून फायदा काय जर ताटात लोणचं, पापड, सांडगे, शेव-चिवडा, ठेचा राहिला तर? तिथलं मीठ बंद करा, भाजीला थोडं राहू द्या, लिंबू पिळा, जिरं-कोथिंबीर घाला, म्हणजे माणूस जेवेल तरी. ज्याला सूज नाही त्याचं मीठ उगीच तोडू नका.

पॅन्क्रियाजच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या पेशंटचेही असेच हाल आहेत. दारू अन् पित्ताचे खडे ही त्याची दोन मोठी कारणं, काहींना रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी खूप वाढल्याने होते. पोटात दुखणं उठलं की भरती, मग आधीच्या काळी दिवसेंदिवस तोंडाने काहीच द्यायचे नाही, आता साध्या सुजेत उलटी-मळमळ नसेल तर चोवीस तासातच हलकं, कमी तेलाचं खायला सुरू करायला सांगतात. पण घरी आल्यावर महिनोन् महिने भीतीने भात-पाणी, तूप बंद, दूध बंद. ज्यांचं दुखणं जुनं झालं आहे त्यांच्यात अन्न पचवायचा रसच कमी तयार होतो, संडास तेलकट, वास येणारी, पाण्यावर तरंगणारी होते, वजन उतरत जाते. त्यांना डॉक्टर एन्झाइमच्या कॅप्सूल लिहून देतात, त्या जेवता जेवता घ्यायच्या असतात, पहिल्या घासासोबत अन् जेवण मोठं असेल तर मध्ये परत. मी किती तरी लोकांना पाहिलं आहे सकाळी उपाशीपोटी बाकीच्या गोळ्यांसोबत गिळतात, मग ती कॅप्सूल पचवणार काय, पोटात काही असेल तर ना! कॅप्सूल बरोबर चालू असेल तर तेल-तूप पूर्ण तोडायची गरज नसते, चार-पाच वेळा थोडं थोडं जेवायचं, कोंड्याचे पदार्थ फार नको, अन् ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन कमी पडतात ते तपासून घ्यायचं. शुगरही लागू शकते, तीही पाहत राहायची. दारूचा एक थेंब नाही, विडी-सिगारेट नाही, सिगारेटने स्वादुपिंडाचं दुखणं वाढते हे फार कमी लोकांना माहीत आहे. आपल्याकडच्या खर्ऱ्याबद्दल, म्हणजे त्या सुपारी-तंबाखूबद्दल, तर काय बोलू, तोंडच उघडत नाही अशी तरणी पोरं येतात, घास जाईल तेवढंही तोंड उघडत नाही, प्रोटीन देणार कुठून.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. दवाखान्यातून सुटी देताना कागदावर इंग्रजीत एक ओळ असते, हाय प्रोटीन, लो सॉल्ट, सॉफ्ट डाएट. ती ओळ वाचून अहेरीच्या बाईने काय रांधायचं? मराठीत, गरज असेल तिथे हिंदीत अन् गोंडीत, वाटी-पोळी-भाकरीच्या मापात, सकाळपासून रात्रीच्या दुधापर्यंत लिहिलेला एक कागद प्रत्येक लिव्हरच्या अन् स्वादुपिंडाच्या पेशंटला मिळाला पाहिजे, अन् आहारतज्ज्ञ मॅडमशी दहा मिनिटं बोलणं झाल्याशिवाय सुटी होऊ नये. सरकारी दवाखान्यात या मॅडम फारच कमी असतात अन् त्यांच्यामागे शेकडो पेशंट, तिथे जागा भरा. दुसरी विनंती आपल्याला, आपल्या पेपरच्या आरोग्याच्या पानावर एकदा असं वाटी-पोळीच्या मापाचं ताट छापा, डॉक्टर अन् आहारतज्ज्ञांकडून तपासून घेऊन, लोक कापून भिंतीवर लावतील, मी माझ्या डब्यासोबत देईन.

ता. क. गरोदर बाईला कावीळ दिसली तर पथ्य-पाणी, माळ, काढा काहीच करत बसू नका. हेपेटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींच्या जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी डागा, मेयो नाहीतर मेडिकल, या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांपैकी एकात घेऊन जा.

आपली,
एक डबेवाली, मेडिकल चौक परिसर, नागपूर