तोंडी परीक्षेच्या जागी एक टेक द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: भाषा विषयांच्या आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनात मुलांनी केलेल्या फिल्मला जागा देण्याबाबत

महोदय,

मी देगलूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला मराठी आणि इंग्रजी शिकवतो. देगलूर म्हणजे नांदेड जिल्ह्याचं टोक. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातला बिदर जिल्हा. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी लेकरं आहेत, तांड्यावरून येणारी गोरमाटी, म्हणजे बंजारा भाषा, बोलणारी आहेत, उर्दू बोलणारी आहेत आणि ‘कुठं जाऊलालास?’ विचारणारी मराठी तर आहेतच. शाळेच्या दप्तरात मात्र बहुतेकांच्या नावापुढे मातृभाषा ‘मराठी’ अशी नोंद आहे. ती कोणी केली म्हणाल तर मीच. प्रवेशाच्या दिवसांत फॉर्मांचा ढीग असतो आणि तो रकाना विचारत बसायला वेळ नसतो.

गेल्या वर्षी, म्हणजे एप्रिल ते जून 2025 मध्ये, पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यात काय रण माजलं ते तुम्हाला मी सांगायला नको. निर्णय निघाला, बदलला, 29 जूनला मागे घेतला गेला, समिती नेमली गेली. त्या सगळ्यात दोनच प्रश्न कानावर येत होते: कोणती भाषा आणि कितवीपासून. ती शिकवायची कशी, हा प्रश्न आमच्या शिक्षण परिषदेतही कोणी काढला नाही. मीही नाही. इंग्रजी तर 2000 सालापासून पहिलीपासूनच आहे. पाव शतक झालं, आणि माझ्या सातवीतली पोरं पुस्तकातला उतारा खडाखडा वाचतात, पण त्यातलाच एक प्रश्न उलटून विचारला की जमिनीकडे बघतात.

हे पत्र लिहायला कारण झाली एक म्हातारी.

आमच्या गावात पलीकडून सून म्हणून आलेल्या बायका पुष्कळ. तेलंगणातल्या मदनूर-जुक्कलकडच्या सोयरिकी इथे नव्या नाहीत. सातवीतल्या एका पोरानं ‘माझी आजी’ या निबंधात पुस्तकी दहा वाक्यं लिहिली आणि शेवटी एक स्वतःचं लिहिलं: ‘ताप चढला की आजी तेलुगू बोलते आणि मला काहीच समजत नाही.’ मी ते वर्गात वाचलं. कोणीतरी म्हणालं, सर, याचा पिक्चर होतो. मी चेष्टेत ‘करा’ म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी पोरं खरंच गोष्ट घेऊन आली. आजीला ताप भरतो, ती काहीतरी मागत राहते, नातवाला कळत नाही. तो औषध देतो, गोधडी देतो, देवाचा अंगारा लावतो. शेवटी शेजारची तेलुगू बोलणारी मुलगी येते आणि सांगते, आजी म्हणते ‘नीळ्ळु इव्वु’, पाणी दे.

पाच मिनिटांची फिल्म, आणि ती करायला आम्हाला पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे शनिवार लागले. सामान म्हणजे माझा मोबाईल, काच तडकलेला. तिपाईला तो सुतळीनं बांधला की झाला स्टँड. उजेड चेहऱ्यावर मारायला थर्माकोलचा पत्रा, तोही गणपतीच्या मखराचा उरलेला. आवाजाचं मात्र फार हाल. वारा, शेजारचं मळणीयंत्र आणि मधल्या सुट्टीतली पहिली-दुसरी. मग संवाद नंतर वेगळे रेकॉर्ड करायचं ठरलं. वर्गाच्या कोपऱ्यात दोन लेकरं वाकळीखाली शिरायची, मोबाईल तोंडाजवळ धरायचा आणि बोलायचं. वाकळीखाली आवाज घुमत नाही. हा शोध आमचा नाही, पण आम्हाला तो आपापला लागला.

आता मूळ मुद्दा. वर्गात ‘रिपीट आफ्टर मी’ म्हणालो की तिसऱ्या वेळी पोरं कंटाळतात. इथे त्या मराठी पोराला ‘नीळ्ळु’ हा एक शब्द नीट म्हणायला 17 टेक लागले. त्यातला ‘ळ’ जोड आहे, हे त्याच्या जिभेला पटेना. दर टेकनंतर तो स्वतःच ऐकायचा, तोंड वाकडं करायचा आणि ‘पुन्हा’ म्हणायचा. मी एकदाही चूक काढली नाही. चूक काढायला त्याच्या शेजारी तेलुगू बोलणारी मुलगी बसली होती. वर्गात ती तोंडच उघडायची नाही. त्या दिवसापासून तिला ‘डायलॉगवाली मॅडम’ हे नाव पडलं. घरची भाषा शाळेत कामाला येते, हे त्या मुलीला सातवीत पहिल्यांदा कळलं. आपल्या शाळांबद्दल याहून जास्त मला काही बोलायचं नाही.

आणखी एक गंमत सांगतो. तेलुगूत मोठ्या माणसाला आदरानं ‘या’ म्हणायला जो शब्द आहे, तो मराठी कानाला काय ऐकू येतो हे सीमेवरच्या माणसाला विचारा. आमच्या गोष्टीत आजी शेजारच्या बाईंना घरात बोलावते, तेव्हा तो शब्द येतो. पहिल्या टेकला अख्खं युनिट जमिनीवर लोळत होतं. दुसऱ्याला तेच. पाचव्याला कॅमेरा धरणारा फुटला. मी रागावलो नाही, फक्त टेक मोजत राहिलो. नवव्या-दहाव्या वेळेला कोणी हसलं नाही. शब्द त्याच्या जागी बसला होता, ‘या, बसा’ एवढाच त्याचा अर्थ उरला होता. ‘इतर भाषांचा आदर करावा’ हे मी फळ्यावर अनेक वेळा लिहिलं आहे.

मग सबटायटल. ते इंग्रजीत करायचं ठरलं, कारण इंग्रजी अभ्यासक्रमात आहे आणि मलाही कुठेतरी नोंद दाखवायची होती. सबटायटलचा नियम पोरांना सांगितला: फार तर दोन ओळी, एका ओळीत साधारण 40 अक्षरं, आणि माणूस बोलून होईस्तोवर ते वाचून झालं पाहिजे. भाषांतराचा याहून चांगला तास मी कधी घेतला नाही. ‘कुठं जाऊलालास?’ हे दोन शब्द. इंग्रजीत त्याचे चार होतात, ‘व्हेअर आर यू गोइंग’. वर त्या चारांत पोरगा चाललाय की पोरगी, हे कळतच नाही. सहावीतल्या एकीनं विचारलं, सर, मग इंग्रजांना कसं कळतं? मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात दुसरी म्हणाली, अगं पिक्चरमधे पोरगी दिसतीच की. भाषा जे सोडून देते ते चित्र उचलतं, हे त्या लेकरानं एका वाक्यात सांगितलं, आणि मी बी.एड.ला ते कुठे वाचल्याचं आठवत नाही.

शेवटच्या प्रसंगात नातू म्हणतो, ‘आजी, तोंडचं पाणी पळवलंस की गं!’ याचं इंग्रजी करताना पहिल्या खेपेला खरोखर तोंड, पाणी आणि पळणं असं सगळं शब्दशः आलं. वाचून सगळेच हसले, आणि हसले म्हणजे त्यांना कळलं. मी सुचवलं, सरळ ‘यू स्केअर्ड अस’ लिहा. एक पोरगा अडून बसला. पिक्चर पाण्याचा आहे, पाणी काढलं तर काय राहिलं? अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘यू स्केअर्ड अस ड्राय’. इंग्रजीचा एखादा प्राध्यापक भुवया उंचावेल. मी ते तसंच ठेवलं.

यात नवं फारसं काही नाही. 1932 साली ‘प्रभात’नं कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत काढला. आपला बोलपट बोलू लागला तोच दोन भाषांतून. आपण मात्र शाळेत सिनेमा नेला तो स्नेहसंमेलनातल्या गाण्यांपुरता.

भाषा लादली तर काय होतं याबद्दल आमच्या भागाला वेगळं सांगावं लागत नाही. माझे आजोबा निजामाच्या राज्यात शाळेत गेले. माध्यम उर्दू. 17 सप्टेंबर 1948 नंतर सगळं बदललं, तरी ते शेवटपर्यंत पेंडीचा हिशेब उर्दू आकड्यांत मांडायचे. मी एकदा विचारलं, शाळेत इतकं चांगलं शिकवायचे का? ते म्हणाले, शाळेत छडी शिकलो, उर्दू अडत्याकडे शिकलो. अडत्याशी भांडायचं तर त्याच्या भाषेत भांडावं लागायचं. फिल्म म्हणजे वर्गात आणलेला तो अडत्याच आहे, महोदय. समोर काम असतं, माणूस असतो आणि शब्द आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

आता तक्रार. आमचं शूटिंग चालू असताना तपासणीला एक साहेब आले. मुलं शाळेच्या ओट्यावर, एकीच्या डोक्यावर आजीचा पांढरा पदर, एकाच्या हातात माझा मोबाईल. साहेबांनी फिल्म बघितली नाही. शेरेबुकात लिहून गेले: ‘मोबाईलचा अनावश्यक वापर आढळला.’ त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या हातातल्या तपासणीच्या तक्त्यात या गोष्टीला रकानाच नव्हता. रकाना नाही ते अनावश्यक, ही सरकारी कामाची रीत मीही पाळतो. मातृभाषेचं वर सांगितलंच.

म्हणून मागणी एका रकान्याची आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं आणलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची साधनं दिली आहेत. तोंडी काम आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे. सहावी ते आठवीच्या भाषा विषयांसाठी एवढंच स्पष्ट करा की मुलांनी गटानं केलेली तीन ते पाच मिनिटांची फिल्म, तिची संहिता आणि सबटायटल हे तोंडी काम आणि प्रकल्प म्हणून धरता येईल. ‘धरता येईल’ म्हणा, ‘धरावे’ नको. ज्याला जमेल तो करील.

आणि हात जोडून सांगतो, याची स्पर्धा करू नका. तालुकास्तर, जिल्हास्तर, विभागस्तर सुरू झाले की फिल्म पोरं करत नाहीत, आम्ही मास्तर करतो. गावातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याला बोलावून ड्रोन उडवतो. लिंकही नको. सायंकाळी पाचपर्यंत लिंक भरा, न भरणाऱ्या शाळांची यादी ग्रुपवर टाकण्यात येईल, हे आमच्या नशिबी रोजचं आहे. त्यात लेकरांचे चेहरे इंटरनेटवर जाणार असतील तर मी तरी ते करणार नाही. आमची फिल्म शाळेच्या भिंतीवर चादर लावून दाखवली, पालक आले, बघून गेले. पालकांची लेखी संमती घेतली होती आणि फाईल कुठेही चढवायची नाही असं त्यांना कबूल केलं होतं.

पैशाचं म्हणाल तर शाळेला पाच-सातशे रुपयांचा कॉलरला लावायचा माईक पुरे. कॅमेरे पाठवू नका. ते कपाटात जातात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे राहते. प्रशिक्षण मात्र द्या. पुण्यात 1960 पासून देशातली नावाजलेली फिल्म संस्था आहे. तिथली दोन-चार माणसं वर्षातून एकदा मराठवाड्यातल्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) आली आणि आवाज कसा घ्यायचा एवढंच शिकवून गेली, तरी आमचं अर्धं दुखणं जाईल.

एक गोष्ट तुमच्याच हातची आहे. पलीकडच्या तेलंगणातल्या एखाद्या शाळेबरोबर मिळून फिल्म करायची पोरांची फार इच्छा आहे. अर्धी इथं, अर्धी तिथं. अंतर सायकलीचं, पण राज्य दुसरं. परवानगी कोणाकडे मागायची हे मला केंद्रप्रमुखांनी सांगितलं नाही, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. एखादं पत्र तुमच्या कार्यालयातून निघालं तर सोपं होईल.

आमची दुसरी फिल्म अर्धवट आहे. तिच्यातली मुख्य मुलगी तांड्यावरची. दसऱ्यानंतर ती आई-बापाबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेली आणि आमचे चार प्रसंग राहिले. पोरांनी तिच्या बापाच्या मोबाईलवर संवाद पाठवले. तिनं फडावरच्या कोपीत, रात्री, पांघरुणात शिरून ते रेकॉर्ड करून पाठवले. मागे ट्रॅक्टरचा आवाज आहे, तो आम्ही काढला नाही. शेवटी तिनं आमच्या संहितेत नसलेलं एक वाक्य आपल्या मनानं जोडलंय. ते कन्नडमध्ये आहे. वर्गात कन्नड येणारं एकच पोरगं आहे. तो ऐकून म्हणाला, ती विचारते, जेवलात का?

ती परत आली की उरलेलं शूटिंग करू. त्या वेळी तुम्ही या भागात दौऱ्यावर असाल तर जरूर या. क्लॅप तुमच्या हातात देऊ. फक्त सोबतच्या ताफ्याला मोबाईल सायलेंटवर ठेवायला सांगा.

आपला,
एक भाषा शिक्षक
ता. देगलूर, जि. नांदेड