तुम्ही घेऊ न दिलेल्या पैशांबद्दल

प्रिय ताई,

सिनेमाच्या शेवटी आभारांच्या पाटीवर तुम्ही तुमचं नाव टाकू दिलं नाहीत. "लाइन प्रोड्यूसरने, म्हणजे सिनेमाचा खर्च सांभाळणारीने, हिशेब केला, त्यात आभार कसले?" म्हणालात. म्हणून हे पत्र, चारचौघांसमोर. नाव इथेही घेत नाही, काळजी नसावी.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्याकडे पटकथा होती आणि एका पानाचं बजेट. तुम्ही पटकथा बाजूला ठेवलीत, बजेटचं पान उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलंत आणि विचारलंत, "एडिटिंगनंतर काय?" साउंड मिक्स, कलर, सबटायटल, डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल प्रत), गाण्यांचे हक्क, एकाचाही आकडा त्यात नव्हता. मी लगेच दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ पुढे केला. 1992चा 'एल मारियाची' जेमतेम 7,000 डॉलरमध्ये झाला, त्यातले काही पैसे त्याने औषधांच्या चाचण्यांना स्वतःचं शरीर देऊन उभे केले, हे मला तोंडपाठ होतं. पुढचं तुम्ही सांगितलंत : तो खर्च थिएटरपर्यंतचा नव्हताच. कोलंबिया स्टुडिओने सिनेमा घेतल्यावर आवाजावर आणि प्रिंटवर कितीतरी पट पैसे ओतले. त्या अर्ध्या गोष्टीवर विसंबून किती जण अर्धा सिनेमा हार्डडिस्कमध्ये घेऊन बसलेत, तेही तुम्ही ऐकवलंत.

मग त्याच बजेटचे तीन भाग झाले. शूट होईल इतके पैसे, पुरा होईल इतके, लोकांना दाखवता येईल इतके. वर 10 टक्के आकस्मिक खर्च, जो मला उगाच वाटला होता. नवव्या दिवशी जनरेटर बसला तेव्हा उगाच वाटेनासा झाला.

पटकथा वाचून कोणी पैसे देत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपून दाखवली आणि मग त्यांना भांडवल मिळालं. "तुझा वाटाणा कुठे आहे?" हा प्रश्न तुम्ही महिनाभर विचारत राहिलात. शेवटी एका प्रसंगाची चार मिनिटं आम्ही शूट केली. त्यानंतर भेटणारी माणसं तीच होती, पण बोलणं बदललं.

क्राउडफंडिंग, म्हणजे इंटरनेटवर अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करणं, मला सोपं वाटलं होतं. किकस्टार्टर या त्यासाठीच्या वेबसाइटवर ठरलेला आकडा गाठला नाही तर एक पैसाही हातात येत नाही. गाठला तर 5 टक्के त्यांचे, वर पेमेंटचा खर्च, वर टी-शर्ट आणि पोस्टर पाठवण्याचा. "पान उघडायच्या आधी एक तृतीयांश रक्कम तोंडी पक्की कर," म्हणालात आणि शेजारी बसून मला एकेक फोन करायला लावलात. मेसेज नाही, फोन. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आकडा मात्र शेवटच्या दिवसाच्या आधीच पार झाला. फंडांच्या अर्जांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही : आठ अर्ज, सात नकार, आठवा मंजूर, तोही पोस्ट-प्रॉडक्शनपुरता (शूटनंतरच्या कामापुरता).

खरे आभार मावशीच्या पैशांचे. निवृत्तीनंतर मिळालेली सगळी रक्कम तिने देऊ केली होती आणि मी हो म्हणून मोकळा झालो होतो. "हे बुडाले तर ती काय करेल?" तुम्ही विचारलंत. मी गप्प. "मग ते घ्यायचे नाहीत." जो गुंतवणूकदार हे पैसे विसरू शकतो त्याच्याकडेच मागायचं, हा तुमचा नियम. करारातही पहिलीच ओळ ठेवलीत, 'ही रक्कम परत मिळेलच असे नाही.' त्याखाली क्रम : आधी गुंतवणूकदारांचं मुद्दल, मग क्रूचं थांबवलेलं मानधन, मग नफ्याची वाटणी, आणि माझी फी सगळ्यात शेवटी. ते वाचून एक जण उठून गेला. चार दिवस मी तुमच्याशी बोललो नाही, आठवतं ना? बोलायला हवं होतं.

मावशीच्या पैशांची जागा भरली नाही. दोन दिवसांचं शूट कापलं. दीडशे माणसांच्या मोर्च्याऐवजी बंद खिडकीशी उभा असलेला एकच माणूस राहिला आणि बाहेरून येणारा आवाज. तेव्हा मला वाटलं होतं, सिनेमा मेला.

परवा मावशी स्वतःचं तिकीट काढून आली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "तो खिडकीतला माणूस लक्षात राहिला रे. पण इतकी गर्दी कुठून जमवलीस?" मी तिला अजून सांगितलेलं नाही.

क्रूचं निम्मं मानधन अजून बाकी आहे. नवीन हिशेब मंगळवारी पाठवतो, पान उलटून बघाल तर मागेही लिहिलंय.

तुमचा,
चार दिवस न बोललेला दिग्दर्शक